नाव नंतर

पोस्टकार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा गल्लीतल्या निदान चार जणांचं ते वाचून झालेलं होतं. पोस्टमन मच्छिंद्रचं तर झालंच होतं. ते देताना त्याने स्वतःचं मतही दिलं. "भाऊसाहेब, पुण्याचं हाय. तुमच्या पुस्तकातल्या माणसाला नावच न्हाई म्हणून राह्यले ते लोक. खरंच न्हाई का?" मी म्हणालो, असं कसं होईल, असेल की कुठंतरी. "बघा मंग जल्दी. न्हाई सापडलं तर माझं टाका, आपली काई हरकत न्हाई," असं म्हणून तो सायकलवर टांग टाकून निघून गेला आणि मी उंबऱ्यात उभं राहून ते कार्ड तीनदा वाचलं. मजकूर असा होता की, कादंबरी आम्हाला आवडली, अक्षरजुळणी सुरू झाली आहे, मात्र दोनशे चौदा पानांत निवेदकाचं नाव कुठेही आलेलं नाही. हे अनवधानाने झालं असल्यास नाव कळवावे, हेतुपुरस्सर असल्यास त्यामागची भूमिका मलपृष्ठासाठी दोन परिच्छेदांत लिहून पाठवावी. येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल. खाली संपादकाची सही होती आणि तीही अशी की त्यांचं नाव काय ते काही केल्या लागत नव्हतं. सन शहाण्णव होतं. एकेचाळिसाव्या वर्षी माझं पहिलं पुस्तक निघायचं होतं. सहा वर्षं ते लिहिण्यात गेली, दोन वर्षं ते पाठवण्यात आणि परत येण्यात गेली. प्रकाशकाचं पुढचं वर्ष म्हणजे काय असतं हे मला तोवर चांगलं कळलेलं होतं. सोमवारी टपालात पडेल असं उत्तर हवं होतं आणि आज शुक्रवार.

आत जाऊन कार्बन कॉपीचा गठ्ठा काढला आणि सतरंजीवर मांडी घालून शोधायला बसलो. माझा माणूस बँकेत जातो, खोली भाड्याने घेतो, गोदामातल्या मुकादमाशी भांडतो, एका बाईशी त्याचं लग्न ठरता ठरता राहतं, त्याला विषमज्वर होतो, डॉक्टर त्याला चिठ्ठी लिहून देतात, आणि या सगळ्या भानगडीत त्याला एकही माणूस नावाने हाक मारत नाही. कुणी 'ओ' म्हणतं, कुणी 'अरे', कुणी नुसतं हात करून बोलावतं. बँकेतल्या माणसाने तर त्याच्याकडून सही घेतली होती, पण ती काय केली हे मी लिहिलेलं नव्हतं. मुद्दाम करायला गेलो असतो तर जमलं नसतं. आणि हे कुणाच्या हातून व्हावं, तर माझ्या. मी शाळेत कारकून आहे. चौदा वर्षं झाली, जनरल रजिस्टरात नावं चढवणं हाच माझा धंदा. जूनमध्ये आया पोरांना बखोटीला धरून आणतात. नाव काय म्हटलं तर घरी बाळ्याच म्हणतोत म्हणतात. शाळेतलं नाव विचारलं तर तुमीच घाला की एखादं. जन्मतारखेचंही तसंच, पोळ्याच्या आधी झाला, एवढी माहिती मिळाली की मी एक जून लिहितो. जालन्यातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो, त्यात माझाही हात आहे. पण नावाच्या बाबतीत मी घाई करत नाही. रकाना रिकामा ठेवतो आणि शिसपेन्सिलीने बारीक लिहितो, 'नाव नंतर'. काही बाप आठवड्याने येऊन सांगून जातात. काही येतच नाहीत, मग रजिस्टर तपासणीला जायच्या आदल्या दिवशी मीच घालतो. आज या गावात तीसेक तरुण माझ्या पसंतीचं नाव लावून हिंडत आहेत आणि त्यांच्या आईबापांना वाटतं ते सरकारी आहे.

मूळ हस्तलिखित काढलं तेव्हा उलगडा झाला. पहिल्याच पानावर, दुसऱ्या ओळीत, मी बोटभर जागा सोडलेली होती आणि समासात शिसपेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'नाव नंतर'. टंकलेखनवाल्याने ती जागा बुजवून पुढचं वाक्य ओढून घेतलं होतं. त्याचं काही चुकलं नाही, त्याला पानाप्रमाणे पैसे मिळत होते, बोटभर जागेचे मिळत नव्हते. म्हणजे अनवधानच. तसं कळवून मोकळं व्हायला हवं होतं. पण ते पान मी सहा वर्षांत शंभर वेळा तरी वाचलं असेल, प्रत्येक वेळी ती जागा मला दिसली असेल, आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं असेल, घालू की, काय घाई आहे. सहा वर्षं टिकलेल्या गोष्टीला अनवधान म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

आता माझं स्वतःचं नाव सांगतो, कारण त्यावाचून पुढचं नीट कळायचं नाही. माझं नाव कडूबा. माझ्या आधी मायची मुलं गेली होती. किती, कशी, ते मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. मूल वाचत नसलं की आमच्या टेंभुर्णीकडे पुढच्याला असं नाव घालतात की न्यायला आलेल्याने ते ऐकूनच तोंड वाकडं करावं आणि परत जावं. शिवाय माझं नाक टोचलं आणि मला शेजारच्या गिरिजाबाईला देऊन टाकून तिच्याकडून पसाभर कोंड्याला पुन्हा विकत घेतलं, म्हणजे मी घरचा नाहीच असं वाटावं. उपाय बराबर लागू पडला. एकेचाळीस वर्षांत मला न्यायला कुणी आलं नाही; दुसऱ्या कामासाठीही फारसं कुणी येत नाही. औरंगाबादला कॉलेजात होतो तेव्हा हजेरी घेताना प्राध्यापक माझ्या नावाशी आले की चष्मा काढून वर बघायचे. मग मी के. आर. झालो, र म्हणजे रखमाजी, माझे वडील. शाळेत मी भाऊसाहेब आहे, कारण कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात. बायको, द्वारका, मला 'आवं' म्हणते. लग्नात उखाण्यात एकदा नाव घ्यायला लावलं होतं तेव्हा तिने ते इतकं पुटपुटत घेतलं की वऱ्हाडातल्या बायकांनी दोनदा काय काय म्हणून विचारलं. राहिली माय. कडू म्हणून हाक मारणारं तेवढं एकच माणूस उरलं आहे. तेव्हा नावावाचून दोनशे चौदा पानं चालवणं मला जड गेलं नाही, यात नवल काही नाही. मी तसाच तर राहत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी रजिस्टरच घरी आणलं आणि एकेक नाव माझ्या माणसाला घालून पाहिलं. कपड्याच्या दुकानात पोराला सदरे घालून पाहतात तसं. प्रभाकर म्हटलं की तो लगेच जानवं चाचपायला लागायचा. अनिरुद्ध म्हटलं की टेंभुर्णीच्या गाडीत चढायलाच तयार होईना. मच्छिंद्र चांगलं बसत होतं, पण पहिल्या वाक्यापासून तो सायकलवरून दुसऱ्यांची पत्रं वाचत निघाला. रखमाजी म्हणून पाहिलं तर वडील डोळ्यांसमोर आले आणि त्या बाईशी त्याचं जे काही होतं ते मला पुढे वाचवेना. जरा बरं नाव सापडावं तर त्याला आडनाव लागायचं, आडनाव आलं की गाव यायचं, गाव आलं की जात यायची, आणि जात आली की वडीगोद्रीचे माझे साडू विचारणार, तो नक्की कुणापैकी आहे, आणि आपल्यापैकी असला तर असा का वागतो. मला वाटलं, सापडलं कारण. मी त्याला या सगळ्यातून सोडवलं होतं. नाव काढून घेऊन त्याला नुसता माणूस केला होता. भूमिका म्हणून हे फार चांगलं दिसत होतं. मी ते एका कागदावर लिहिलं आणि बऱ्यापैकी खूश होऊन जेवायला बसलो.

तो कागद शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, देवानंद सरांना दाखवला. सर आमच्या शाळेत मराठी शिकवतात, आणि घराबाहेरचे माझे एकमेव वाचक आहेत. बौद्ध वस्तीतून शिकून वर आलेला माणूस, बोलायला मऊ, आणि दुसऱ्याच्या लेखनावर तांबडी शाई चालवताना बिलकुल दयामाया नाही. हॉटेलात चहा सांगून त्यांनी कागद वाचला, घडी केली आणि बशीखाली ठेवला. "मी तर समजत होतो तुम्ही मुद्दाम केलं. आधुनिक माणूस, हरवलेली ओळख वगैरे. मी दोन ठिकाणी तसं बोललो पण." मी म्हटलं, मग आता हे बोला. ते हसले. "भाऊसाहेब, पान चाळीस. तुमचा माणूस औरंगाबादला खोली बघायला जातो. मालक भाडं सांगतो, पाण्याची वेळ सांगतो आन् किल्ली हातात देतो. नाव विचारत न्हाई. ते घर कुठं हाय तेवढं सांगा, मला एकदा जाऊन बघायचंय." मी बशीखालच्या कागदाकडे पाहिलं. "मी अकरा घरं पाह्यली व्हती. दारातच पहिला प्रश्न, पूर्ण नाव काय. पूर्ण म्हंजे आडनाव. ते सांगितलं की कुणाचा भाचा त्याच दिवशी ऱ्हायला यायचा, कुणाला खोली रंगवायची असायची. बाराव्या घरी एक म्हातारी व्हती, तिला ऐकू येत नव्हतं. तिथं तीन वर्षं राह्यलो. लई चांगली बाई." चहा आला. सरांनी बशीत ओतून प्यायला घेतला. "नाव न सांगता दोनशे पानं काढायची चैन तुमच्या माणसाला परवडली. माझ्या माणसाला दुसऱ्याच पानावर सांगावं लागलं असतं आन् तिसऱ्यावर तो रस्त्यावर असता. राग मानू नका." मी राग मानला नाही, पण लाज वाटली, आणि ती चहाबरोबर गिळता आली नाही. मी ज्याला नुसता माणूस म्हणत होतो तो नुसता माझ्यासारखा माणूस होता, ज्याला दारात कुणी अडवत नाही. "मग घालू का नाव?" मी विचारलं. "घाला. पण मंग पान चाळीस बी पुन्हा लिहा," सर म्हणाले.

संध्याकाळी दुसरी भूमिका करायला घेतली. 'आजच्या यंत्रयुगात' असं लिहिलं आणि घरात नजर फिरवली. यंत्र म्हणजे द्वारकाचं शिलाई मशीन, त्याचं पायडल चार महिन्यांपासून मोडलेलं, त्यावर मायची गोधडी वाळत घातलेली. 'माणूस हा गर्दीतला एक बिंदू' असंही लिहून पाहिलं, तेवढ्यात समोरच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, "भाऊसाहेब, सापडलं का नाव?" मी कागद चुरगळला. खरं सांगायचं तर तोवर मला एक वेगळीच भीती वाटायला लागली होती. एखादं नाव घालायचं म्हणून लेखणी टेकवली की मी ती पुन्हा उचलून घ्यायचो, जसं काही मी त्याला नाव घालत नव्हतो, कुणाला तरी त्याचा पत्ता देत होतो. ही माझ्या जन्माच्या वेळची भानगड रक्तात उतरली असेल असं मनाशी म्हटलं आणि स्वतःलाच हसलो. शिकलेला माणूस, चौदा वर्षं नावं घालतो, आणि कागदावरच्या माणसाला नाव घालताना घाबरतो. हसलो खरा, पण नाव काही घातलं नाही.

रविवारी दुपारी जे घडलं ते सांगण्याआधी घरातल्या वाचनाबद्दल सांगायला पाहिजे. मायला, म्हणजे गोजरबाईला, अक्षरओळख नाही. दिवाळीनंतर एकदा ती ज्वारी निवडत बसली होती, द्वारकाला काही काम नव्हतं, म्हणून तिने कार्बन कॉपीचं एक पान मोठ्याने वाचलं. मायने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, मंग पुढं? तेव्हापासून रोज दुपारी सूप, ज्वारी आणि माझी कादंबरी. कादंबरीत प्रसंग फारसे नाहीत. माणूस चालतो, बसतो, आठवतो, त्याला बरं वाटत नाही. सर म्हणाले होते की हे पचायला मराठी वाचकाला वीस वर्षं लागतील. मायला काही अडचण आली नाही. तिला फक्त त्याच्या जेवणाची काळजी लागून राहिली. भाकरी कोण टाकून देतं त्याला, असं ती मला येता-जाता विचारायची आणि मी खानावळीचं नाव सांगायचो. मात्र गेले तीन आठवडे गाडी एकशेनव्वद पानाच्या पुढे सरकलेली नव्हती. द्वारका मागचीच पानं पुन्हा पुन्हा वाचत होती. मला वाटलं, कंटाळल्या असतील, आणि लेखक म्हणून मी जरा दुखावलोही होतो.

त्या दुपारी मी पंचांगातली नावं चाळत बसलेलो. द्वारका थट्टेने म्हणाली, "आत्याबाई, त्या पुस्तकातल्या माणसाला नाव पायजे म्हणतेत पुण्याचे. यांना तर काई सुचंना. तुमीच घाला एखादं." मायने मान वर केली नाही. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्याला नाव घालू नको, कडू."

"कामून, माय?"

"मंग तो हाय म्हणून मला कसं कळंल?"

मी म्हटलं, कोण तो. ती थोडा वेळ ज्वारीवरून बोटं फिरवत राहिली. मग सांगायला लागली, बाजाराचा हिशोब सांगावा तशा साध्या आवाजात. "तुझ्या आधी तिघं. पैला धर्मराज, अकरा महिन्यांचा व्हता. दुसरा संपत, तो चालायचा, बोलायचा, गोवरानं गेला. ते दोघं नाव घेऊन गेले. आठवण आली तर मी त्याहीला नावानं बोलती, धर्मा म्हणती, संपू म्हणती. तिसरा नवव्या दिवशी गेला. बारसं व्हायचं व्हतं. माहेरून पाळणा आल्ता, कुंची आल्ती. सटवाई येऊन तिला काय लिहायचं ते लिहून गेली, आन् आमचं नाव घालायचं राह्यलं. आता त्याला काय म्हणून बोलू मी? नुसतं 'तो' म्हणती. तेवढंच हाय माझ्याजवळ त्याचं." द्वारकाने पदर तोंडाशी नेला. माय म्हणाली, "ही वाचाया लागली तवा मला वाटलं हा तूच हायस. मंग ते बाळंतिणीच्या खोलीतल्या ओव्याच्या धुराचं आलं."

ओव्याचा धूर पान एकसष्टवर आहे. माझा माणूस विषमज्वराने पडलेला असतो आणि त्याला लहानपणीचं काही म्हणून आठवत नाही, फक्त एक अंधारी खोली, ओव्याच्या धुरीचा वास, बांगड्यांचा आवाज आणि दाराच्या फटीतून आलेला उजेड. सरांनी तिथे समासात तांबड्या शाईने 'संवेदना!' असं लिहिलं होतं. मी ते लिहिलं कारण कादंबरीत बालपणीची एखादी आठवण लागते असं मला वाटलं होतं, आणि माझ्या स्वतःच्या आठवणी मला त्याला द्यायच्या नव्हत्या. "सगळं लहानपण इसरला आन् येवढंच कसं ध्यानात राह्यलं," माय म्हणाली, "म्हणून मी लई इचार केला. मंग कळलं. त्यानं दुसरं काई पाह्यलंच न्हाई." मग तिने विचारलं, "त्रेचाळीस ना रं त्याचं वय? तुझ्याहून दोन वर्सांनी मोठा. बराबर हाय." त्याचं वय त्रेचाळीस आहे हे खरं. लोकांना तो मीच वाटू नये म्हणून पुण्याला पाठवताना मी माझ्या वयात दोन वर्षं वाढवून घातली होती.

मला रडू आलं. ते लपवायला मी पंचांग तोंडापुढे धरलं आणि ते उलटं धरलेलं आहे हे द्वारकाने खुणेने दाखवलं. खरं सांगतो, रडण्याबरोबर थोडा रागही आला. सहा वर्षं मी खपलो, पाठ मोडून घेतली, प्रत्येक 'मी' माझ्या हाताने लिहिला, आणि पुस्तक निघालं त्याचं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एकटाच वाचलो. घरातल्या एवढ्याशा जागेत तो दोन वर्षं आधी येऊन बसलेला होता आणि त्याच्याबद्दल बोलायला कुणाकडे शब्दच नव्हता, म्हणून कुणी बोललं नाही. आणि मी मूर्खासारखा शुक्रवारपासून त्याला प्रभाकर म्हणत होतो.

"लगीन नीट जमलं न्हाई त्याचं," माय म्हणाली. "कोण करून देणार व्हतं म्हणा." आणि मग, सूप खाली ठेवून, "शेवटाला काय व्हतं त्याचं?"

द्वारकाने माझ्याकडे पाहिलं, आणि एकशेनव्वद पान का ओलांडलं जात नव्हतं ते मला तेव्हा कळलं. तिने शेवट आधीच वाचलेला होता. शेवटी माझा माणूस जीपने घनसावंगीकडे जातो, पुढे गोदावरीपर्यंत चालतो आणि पाण्यात शिरतो. तीन पानं. ती तीन पानं म्हणजे माझी सगळी कमाई होती. त्यांच्यासाठी मी दोन पावसाळे घनसावंगीच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला अर्धा बाहेर लोंबकळत गेलो होतो, पाणी कुठे हिरवं दिसतं आणि कुठे काळं ते वहीत टिपलं होतं, गुडघ्यापर्यंत आत उभं राहून पाहिलं होतं, एका उसाच्या मळेकऱ्याने मला जीव द्यायला आलेला समजून हाताला धरून बाहेर काढलं होतं आणि भाकरी खाऊ घातली होती. सर म्हणाले होते, भाऊसाहेब, बाकीचं सोडा, या तीन पानांवर तुमचं नाव राहील. माय माझ्याकडे बघत होती. कुणी कधी तिला विचारलं नसेल अशा गोष्टीचं उत्तर ती मला विचारत होती, आणि मला वाटतं तिला ते उत्तर माहीत होतं, एकदा तिने ते पाहिलेलंच होतं.

"घरी येतो," मी म्हणालो.

"कोणाच्या?"

"आपल्या."

"मंग वाच की ते, द्वारका."

"ते यांच्याजवळ हाय, आत्याबाई," द्वारका म्हणाली. "उद्याच्याला वाचते."

मी उठलो, आतल्या खोलीत गेलो आणि गठ्ठ्यातून दोनशे बारा ते दोनशे चौदा ही पानं काढली. एकदा वाचली. चांगली होती. पाण्याचा रंग तर फारच चांगला उतरला होता. मग कोऱ्या कागदावर नवं लिहायला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचायची वाट पाहावी लागली नाही, आणि दीड पान झाल्यावर अडलो ते एकाच जागी, दारात. तिथे काय लिहायचं याचा विचार करताना मी आमच्या कडीकडे बघत बसलो आणि मग ते इतकं साधं निघालं की स्वतःचीच कीव आली. संपादकांना पत्र लिहिलं. नाव नाही, ते हेतुपुरस्सर आहे. हेतू माझा नाही, पण आहे. भूमिका मलपृष्ठावर छापण्यासारखी नाही, तिथे काहीतरी चित्र टाकावं. पान चाळीसवर थोडी दुरुस्ती केली आहे, घरमालक आता पूर्ण नाव विचारतो, आणि माझा माणूस ते सांगतो की नाही हे न बघता मी वाक्य तोडलं आहे, त्याबद्दल इथले एक शिक्षक मला बोलणार आहेत आणि ते योग्यच आहे. शेवटची तीन पानं रद्द करावीत, सोबत दीड पान जोडलं आहे. यामुळे कादंबरीची उंची कमी होईल असं तुम्हाला वाटल्यास मला मान्य आहे. पुस्तक पुढच्या वर्षावर गेलं तरी चालेल, पण हाच शेवट राहील. सोमवारी सकाळी शाळेत जाताना ते रजिस्टर्ड करून टाकलं.

दुपारी मधल्या सुट्टीत घरी आलो. माय सूप घेऊन भिंतीला टेकून बसली होती. द्वारकाने दीड पानाची माझ्या हातची नक्कल घेतली आणि घसा साफ करून वाचायला लागली. माझा माणूस नदीपर्यंत जातो. पाणी बघतो. पाणी पाण्यासारखं असतं. तो मागे वळतो, घनसावंगीच्या अड्ड्यावर जीपमध्ये बसतो, जालन्यात उतरतो, कुंडलिकेचा पूल पायी ओलांडतो. एका गल्लीत शिरतो. कुणी त्याला अडवत नाही, कुणी काही विचारत नाही. एका दाराशी थांबतो. आत कुणीतरी ज्वारी निवडत असतं, सुपाचा आवाज येत असतो. तो कडी वाजवतो. आतून बाईचा आवाज येतो, कोण हाय? तो म्हणतो, "मी." सुपाचा आवाज थांबतो आणि आतून कडी निघते.

द्वारका थांबली. मायचे दोन्ही हात ज्वारीत तसेच होते. शाळेची घंटा झाली असेल, मला ऐकू आली नाही.

"लई वाट पाह्यला लावली त्यानं," माय म्हणाली. मग द्वारकाकडे न बघताच म्हणाली, "दारापासून पुन्यांदा वाच."